खेळाच्या तासाची वही राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका पालकांचे पत्र नुकतेच वाचले. त्यांचा मुलगा सातवीत आहे. खेळाच्या तासाला आता वही न्यावी लागते, मैदानावर पळवण्याऐवजी वर्गात बसवून ‘स्नायूंचे प्रकार’ उतरवून घेतात आणि सत्राच्या शेवटी वीस गुणांचा लेखी पेपरही असतो, अशी त्यांची तक्रार आहे. ‘दिवसभर बाकावर बसणाऱ्या मुलाला एक तास तरी मोकळे सोडा,’ असे त्यांनी शेवटी लिहिले आहे. मी २९ वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाले. ते पत्र वाचल्यापासून मला चैन पडलेले नाही. त्यांनी लिहिलेले बहुतेक सगळे खरे आहे, आणि तरीही वही बंद करण्याची त्यांची मागणी मला पटत नाही.

जे पटते ते आधी सांगते. मैदानाची लांबी-रुंदी, जाळीची उंची, चेंडूचे वजन, कोणती स्पर्धा कोणत्या साली सुरू झाली, हे पाठ करून घेतले म्हणजे मुलांना खेळाचे ज्ञान दिले असे होत नाही. त्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवणारे मूल पायऱ्यांवरून उडी मारताना घोटा मुरगळून घेईल, आणि आपण काय चुकलो हे त्याला कळणारही नाही.

मीही असे पेपर काढले आहेत. नोकरीची पहिली सहा-सात वर्षे माझ्या लेखी ‘थिअरी’ म्हणजे पावसाळ्यातला तास होता. मैदानावर चिखल झाला की मुले वर्गात आणि मी फळ्याजवळ. माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात, हृदयाला चार कप्पे असतात, लिहून घ्या. मुलांचे डोळे खिडकीबाहेर लागलेले. ऊन पडले की आम्ही पुन्हा मैदानावर जायचो आणि तिथे फक्त शिट्टी वाजायची. दोन फेऱ्या मारून धापा टाकणाऱ्या मुलाचा त्या चार कप्प्यांशी काही संबंध आहे, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. सांगणार कशी? तो संबंध माझ्याच डोक्यात नीट जुळलेला नव्हता.

आठवीतला एक मुलगा होता. उंच उडीत चांगला. त्या वर्षी त्याची उंचीही भराभर वाढत होती. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, त्याला टेंगळासारखी सूज आली होती आणि उडी मारली की तिथे कळ यायची. मी त्याला म्हटले, सराव वाढव, सवय होईल. सोसल्याशिवाय खेळाडू घडत नाही, असेच आम्हाला शिकवले गेले होते. त्याने तीन आठवडे सोसले. मग तो लंगडायला लागला तेव्हा घरचे त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. वाढीच्या वयात ती जागा अजून पक्क्या हाडाची झालेली नसते. मांडीचा दणकट स्नायू प्रत्येक उडीला त्या कोवळ्या जागेला ओढत राहतो आणि ती सुजते. या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. उड्या आणि धावणे काही काळ कमी केले की दुखणे आटोक्यात येते, आणि बहुतेक मुलांचे ते वाढ पूर्ण होताना थांबते. थोडक्यात, ज्या वेळी सराव कमी करायला हवा होता त्या वेळी मी तो वाढवायला लावला.

त्या मुलाला आपल्या गुडघ्याबद्दल चार गोष्टी माहीत असत्या तर तो मला म्हणाला असता, ‘बाई, दुखतंय ते स्नायूत नाही, हाडावर दुखतंय.’ त्याला ते ठाऊक नव्हते. मलाही नव्हते, आणि माझ्या हातात शिट्टी होती. तो आज चाळिशीला आला असेल. त्याची माफी मागायची संधी मला मिळाली नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

त्यानंतर मी पुस्तके उघडली आणि माझ्या कितीतरी पक्क्या समजुती ढासळल्या. कवायतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे, असे मी वर्षानुवर्षे सांगत आले होते. प्रत्यक्षात लॅक्टेटचे (शरीरात हे आम्ल याच रूपात असते) रक्तातले प्रमाण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. उशिरा येणारा ठणका हा सवय नसलेल्या ताणामुळे स्नायूंच्या तंतूंना होणाऱ्या बारीक इजांचा असतो. म्हणून तर उतारावरून किंवा जिन्यावरून धावत उतरल्यावर, म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो तेव्हा, तो जास्त येतो. मुरगळलेल्या घोट्याचेही तेच. विश्रांती, बर्फ, पट्टीचा दाब आणि पाय उंच ठेवणे ही चार पावले गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ मध्ये सांगितली आणि ती जगभर रुळली. पुढे २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून यायला उशीर होऊ शकतो. स्वतःचे म्हणणे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. कारण माहीत असेल तरच शिक्षकाला अशी दुरुस्ती करता येते. नुसती कृती पाठ असेल तर तो निवृत्तीपर्यंत तीच करत राहतो.

आता ज्या मुलीमुळे मी हे पत्र लिहायला बसले तिच्याबद्दल. ती सहावीत होती. कोणत्याही शर्यतीत शेवटची. नुसती शेवटची नव्हे, तर तिच्या पुढची मुलगी पोचून, श्वास शांत होऊन, गप्पा मारायला लागलेली असायची तेव्हा ही येत असे. खेळाचा तास आला की हिचे पोट दुखायचे, आणि ते खरेच दुखत असणार. ‘मला पळताच येत नाही’ हे ती इतक्या सहज म्हणायची, जसे आपण आपल्या डोळ्यांचा रंग सांगतो.

त्या वर्षी मी पहिल्यांदा मुलांना वही आणायला लावली होती. त्यात एकच काम होते. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवायची (अंगठा ठेवायचा नाही, अंगठ्याची स्वतःची नाडी लागते आणि मोजणी चुकते), १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चाराने गुणायचे. असे एकदा मोजून झाले की शाळेच्या पायरीवर तीन मिनिटे एका लयीत चढउतार करायची, लगेच ठोके मोजायचे, एक मिनिट थांबायचे, पुन्हा मोजायचे. तीन आकडे आणि तारीख. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. सोबत दर तासाला दम लागेल पण बोलता येईल इतपत वेगाने धावणे, ज्याचे त्याचे स्वतःच्या वेगाने.

आठव्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. मिनिटभर थांबल्यावरचा तिचा पहिल्या आठवड्यातला आकडा १४८ होता आणि आताचा १२४. ‘बाई, माझं हृदय आता लवकर शांत होतंय,’ ती म्हणाली. मग आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि मी तिला समजावले की हृदय हाही स्नायूच आहे. त्याला नियमित काम दिले की तो एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतो, म्हणून तेवढ्याच कामाला ठोके कमी लागतात आणि काम संपल्यावर तो लवकर स्थिरावतो. फळ्यावरचे चार कप्पे त्या दिवशी तिच्या छातीत आले. त्या वर्षीच्या शर्यतीतही ती शेवटचीच आली, पण पोटदुखी थांबली. तिला मोजायला स्वतःचा आकडा मिळाला होता, आणि तो बदलता येतो हे तिने स्वतःच्या बोटांनी पाहिले होते.

माझे सगळे म्हणणे या मुलीत आहे. चपळ मुलाला कारण सांगितले नाही तरी त्याचे चालते. तो बघतो आणि करतो. आपण मैदानावर त्याच्याकडेच पाहतो, त्यालाच संघात घेतो, म्हणून ‘खेळ करून येतो, सांगून नव्हे’ असे आपल्याला वाटते. पण वर्गातल्या चाळीसपैकी निम्म्या-अधिक मुलांना बघून जमत नाही. त्यांना कारण सांगितले नाही तर ती आपले आपण कारण शोधतात, आणि ते प्रत्येकाला एकच सापडते: माझ्यात ते नाहीच. तिथून पुढे ती मुले आयुष्यभर मैदानाच्या कडेला उभी राहतात.

चेंडू जेमतेम दहा पावले फेकणाऱ्या मुलाला ‘जोर लाव’ सांगून काही होत नाही, तो लावतच असतो. उजव्या हाताने फेकताना त्याचा उजवाच पाय पुढे असतो, त्यामुळे कंबर वळत नाही आणि सगळी फेक एकट्या खांद्यावर येते. डावा पाय पुढे घे, आधी कंबर वळू दे, मग छाती, मग खांदा, कोपर, मनगट. प्रत्येक सांधा आधीच्याच्या वेगात आपला वेग मिळवतो. एवढे त्याला सांगितले, संथपणे करून दाखवले, की पंधरा मिनिटांत फरक दिसतो. तसेच उडीचे. जमिनीवर उतरताना गुडघे वाकवले की थांबायला जास्त वेळ मिळतो आणि सांध्यांवरचा धक्का तेवढा कमी होतो. वेगाने येणारा चेंडू झेलताना हात मागे घेतो तेही याचसाठी. एकदा हे कळले की मुले दोन्हीकडे ते आपणहून लावतात.

त्या पालकांचा खरा प्रश्न वेळेचा आहे, आणि तो रास्त आहे. पस्तीस मिनिटांच्या तासातली पाच-सात मिनिटे मैदानावर येण्यात, रांगा लावण्यात जातात. त्यात बोलत बसले तर मुले हलणार कधी? याचे उत्तर मला शरीरशास्त्रातच सापडले. पूर्ण वेगाने पन्नास-साठ मीटर धावताना स्नायू मुख्यतः स्वतःतल्या फॉस्फोक्रिएटिन या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाच्या साठ्यावर चालतो. हा साठा काही सेकंदांत उतरतो आणि बऱ्याच अंशी भरून यायला तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणजे दोन वेगवान धावांमध्ये मुलांना थांबवावेच लागते, नाहीतर दुसरी धाव वेगाची राहत नाही, नुसती दमवणूक होते. ही थांबण्याची मिनिटे माझी. मुले उभ्या-उभ्या पाय मोकळे करत असतात, श्वास अजून जोरात चालू असतो आणि मी विचारते, ‘आत्ता जिथे ताण जाणवतोय तिथे हात ठेवा. का तिथेच?’ पुढच्या धावेला ती मुले त्याच जागेकडे लक्ष देत धावतात. एका तासात असे दोन-तीन प्रश्न होतात. व्यायामातला एक क्षणही त्यासाठी खर्च होत नाही. वर्गात बसवण्याची गरज उरत नाही आणि वही घरी गेल्यावर दोन ओळींपुरती उघडते.

यात इतर विषयांचे शिक्षक आले तर फार बहार येते. नववीच्या एका मुलाने गोळाफेकीच्या वेळी मला अडवले होते. ‘बाई, विज्ञानाच्या सरांनी ४५ अंशांत फेकलं की सर्वांत लांब जातं असं शिकवलंय. तुम्ही खाली फेकायला का सांगता?’ मला उत्तर अर्धेच येत होते. मी विज्ञानाच्या सरांनाच मैदानावर बोलावले. त्यांनी फक्कीची पिशवी घेतली आणि जमिनीवरच आकृती काढली. ४५ अंशांचा नियम वस्तू ज्या पातळीवरून सुटते त्याच पातळीवर पडते तेव्हाचा. गोळा सुटतो खांद्याच्या वरून आणि पडतो जमिनीवर, त्यामुळे योग्य कोन थोडा कमी होतो. शिवाय हाताला जितके वरच्या दिशेने ढकलावे लागते तितका गोळ्याचा वेग घटतो. दोन्ही मिळून चांगल्या गोळाफेकपटूंचा कोन साधारण ३५ ते ४० अंशांच्या आसपास येतो. लांब उडीत तर तो २० अंशांच्या जवळपास असतो, कारण धावत येऊन मिळवलेला वेग न गमावता त्याहून जास्त वर उडणे माणसाच्या पायांना जमत नाही. मुलांनी त्या तासाला तिन्ही कोनांत गोळा फेकून पाहिला, टेपने मापे घेतली. सर म्हणाले, हा धडा मी दहा वर्षे शिकवतोय, आज पहिल्यांदा मुलांनी मला उलटून प्रश्न विचारले.

रिलेचा एक हिशेबही मी दरवर्षी घालत असे. १०० मीटरचा जागतिक विक्रम ९.५८ सेकंदांचा, उसेन बोल्टचा, २००९ मधला. त्याची चौपट ३८.३२ होते. मग जमैकाच्या चौघांनी २०१२ मध्ये ४ बाय १०० मीटर रिले ३६.८४ सेकंदांत कशी धावली? चौघेही बोल्टहून वेगवान होते का? मुले पाच-दहा मिनिटे डोके खाजवतात. मग कोणीतरी ओरडते, ‘बाई, उभं राहून सुरुवात एकालाच करावी लागते!’ बाकीचे तिघे बॅटन हातात येईपर्यंत वेगात आलेले असतात. एवढे कळल्यावर, मागे वळून न पाहता हात मागे का धरायचा आणि पळायला सुरुवात नेमक्या कोणत्या खुणेवर करायची, यावर मुले स्वतःच वाद घालतात. त्याआधी मी शंभर वेळा ‘मागे बघू नकोस’ म्हणून ओरडलेली असायचे.

उंच उडीतल्या डिक फॉस्बरीची गोष्ट मात्र मी मुद्दाम मागे पडणाऱ्या मुलांना सांगायचे. शाळेत असताना त्याला तेव्हाची रूढ पद्धत, पोट आडव्या दांडीकडे करून ओलांडण्याची, नीट जमत नव्हती. तो जुन्या कात्री उडीकडे वळला आणि दांडी पाडू नये म्हणून प्रत्येक वेळी थोडा थोडा मागे झुकत गेला. शेवटी तो पाठीवरून दांडी ओलांडू लागला. पुढे तो अभियांत्रिकी शिकला. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीच्या ऑलिम्पिकमध्ये त्याने २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक घेतले. पाठीची कमान करून जाताना शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या खालूनही जाऊ शकतो, हे त्या उडीचे मर्म. आधी मैदानावरची अडचण, मग अंगाने शोधलेली वाट आणि नंतर तिचे शास्त्र. खेळाच्या तासात मला नेमका हाच क्रम हवा आहे. वर्गात आधी शास्त्र उरकून मग कधीतरी मैदान, हा क्रम उलटा आहे.

मुलींच्या बाबतीत न बोलून चालणार नाही. सातवी-आठवीपासून दर तासाला तीन-चार मुली पायरीवर बसलेल्या असतात. पाळीच्या दिवसांत हालचाल केली तर अपाय होतो, अशी भीती त्यांच्या मनात कोणी ना कोणी घातलेली असते. चालणे, हलके धावणे, ताण देण्याचे व्यायाम यांनी अपाय होत नाही, पुष्कळ जणींना कळांपासून उलट आराम मिळतो. खूप त्रास होत असेल तर बसावे, आणि त्रास नेहमीचाच असेल तर डॉक्टरांना दाखवावे. हा निर्णय त्या मुलीने माहितीवर घ्यायचा असतो. ही माहिती खेळाच्या तासाला नाही तर कुठे मिळणार? मुलग्यांनाही ती असावी, म्हणजे पायरीकडे पाहून होणारी कुजबुज थांबते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली आहे. आठवड्याला दोन-तीन तासिकांतून एवढी हालचाल पुरी होणार नाही. बाकीची मुलाला स्वतःहून करावी लागेल आणि शाळा सुटल्यावर सगळीच. मी मुलांना पाच-सहा वर्षे शिट्टीवर पळवू शकते. पुढच्या पन्नास वर्षांत किती वेगाने चालावे, किती दिवसांनी वाढवावे, छातीत कळ आली तर लगेच थांबून मदत मागावी, उन्हात खेळणारा सोबती असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे आणि तातडीने मदत बोलवावी, हे त्यांच्याजवळ असायला हवे.

त्यामुळे माझे मागणे थोडे वेगळे आहे. लेखी पेपर काढून टाकावा. परीक्षा मैदानावरच व्हावी: उडी मारून दाखव आणि गुडघे का वाकवलेस ते सांग, एवढीच. गुण शर्यतीतल्या क्रमांकावर नसावेत, स्वतःच्या पहिल्या आठवड्यापासून मूल कुठवर आले यावर असावेत. खेळाचा तास अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी दुसऱ्या विषयाला देऊन टाकण्याची रीत बंद व्हावी. २९ वर्षांत माझ्याकडून असे किती तास मागून नेले गेले याची मोजदाद नाही. आणि खेळाच्या शिक्षकांना दर काही वर्षांनी शरीरशास्त्राची नवी माहिती मिळण्याची सोय हवी. मला ती वेळेवर मिळाली असती तर आठवीतल्या त्या मुलाने तीन आठवडे कळ सोसली नसती.

त्या पालकांना एक विनंती. आज संध्याकाळी मुलाला त्याची वही आणायला सांगा. त्यात नुसते स्नायूंचे प्रकार असतील तर शाळेत जाऊन जरूर भांडा, मी तुमच्या बाजूने आहे. लेखी पेपर बंद व्हावा या मागणीखाली माझीही सही धरा. पण नंतर कोऱ्या पानावर तारीख टाका, त्याच्या मनगटावर दोन बोटे ठेवा, १५ सेकंद मोजा, चाराने गुणा आणि आकडा त्याला लिहू द्या. खाली तुमचाही लिहा.

आपली,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका